वाचणाऱ्यानं मधे बोलू नये

"काका, तुम्ही जे वाचता ते तुम्हाला कळतं का हो?"

मोनिकानं हे विचारलं तेव्हा कंपनीची बस महानुभाव चौकातून पैठण रस्त्याला लागत होती. रस्ता अर्धा खणलेला, कडेला पाण्याच्या नव्या योजनेचे माणूस उभा मावेल एवढे पाइप पडलेले, आणि त्यांच्या शेजारून आमची बस एका अंगाला कलत चाललेली. मोनिका इन्स्पेक्शनला आहे, सहा वर्षांपासून पर्मनंट, माझ्या मागच्या सीटवर बसते. तिच्या आवाजात खोच नव्हती. असती तर बरं झालं असतं. मी काहीतरी टोला परतवला असता, चार जण हसले असते आणि नक्षत्रवाडी येईपर्यंत विषय मिटला असता. पण डब्यात आज काय आणलंय असं विचारावं, तसं तिनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मागे वळून म्हणालो, "कळतं की. न कळायला ते काय इंग्रजी हाय का?" आणि पुन्हा समोर बघत बसलो. सकाळी बायकोनं, अंबिकेनं, गळ्यासाठी म्हणून दिलेली खडीसाखर तोंडात विरघळत होती, ती एकदम नकोशी झाली.

माझ्या शेजारी खिडकीशी कडुबा बसला होता. सव्वीस वर्षं आम्ही शेजारी बसतो आणि बेंडिंग शॉपमध्ये शेजारच्या मशीनवर उभे राहतो. बसच्या डाव्या बाजूची खिडकी त्याची, म्हणजे त्याचा उजवा कान माझ्याकडे येतो. डावा कान केव्हाच गेला आहे. उजव्यात थोडी धुगधुगी आहे. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणली ती पोरगी?" मी म्हणालो, "सभा किती वाजता, म्हणून विचारायली." त्यानं मान डोलावली. "साडेतीनला," तो मोठ्यानं म्हणाला, कारण त्याला स्वतःचाही आवाज नीट पोचत नाही, "अन् आपला सोमनाथ वाचायला हाय. मग काय घोर नाय." पुढच्या दोन सीटांवरची माणसं वळून हसली. मीही हसलो. सोमनाथ म्हणजे मी.

आमच्या युनियनची एक रीत आहे. चार वर्षांनी कंपनीशी नवा करार होतो आणि पक्क्या सह्या व्हायच्या आधी तो चितेगावच्या गेटसमोर सगळ्यांना वाचून दाखवतात. कागद कुणाच्या हातात देत नाहीत. मी एक कलम वाचतो, मी थांबलो की आमचे सरचिटणीस तात्यासाहेब त्याचा अर्थ सांगतात, ते थांबले की मी पुढचं वाचतो. शेवटी हात वर. पहिल्या कराराच्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं, सोमनाथचा आवाज पोथीचा आहे, त्याला वाचू द्या. तेव्हापासून हे काम माझ्याकडं आलं आणि त्याच्या जोरावर मी कमिटीतही गेलो. तीनशे चाळीस माणसं ऐकतात. मोटारसायकलींचे सायलेन्सर बनवणारी माणसं आम्ही, दिवसभर पाइप वाकवायचे, जोडायचे, घासायचे. कायद्याची मराठी आमच्यापैकी कोण वाचत बसणार? या खेपेला मात्र हवा वेगळी होती. दोन महिने तात्यासाहेब आणि इतर पदाधिकारी वाटाघाटीला जात होते आणि परत येऊन "चाललंय, चांगलं चाललंय" एवढंच सांगत होते. गेले आठ दिवस मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये एकच मागणी सुरू होती, मसुद्याची झेरॉक्स द्या. तात्यासाहेबांनी उत्तर टाकलं होतं, "वाचून दाखवणारच आहोत ना. इतकी वर्षं कसं केलं?" त्याखाली लोकांनी जे लिहिलं ते मी अंबिकेला वाचून दाखवलं नाही. कुणी लिहिलं होतं, लीडर विकले गेले. कुणी लिहिलं होतं, वाचणाराही त्यांचाच. हे दुसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी स्टेशनजवळच्या युनियनच्या खोलीत तात्यासाहेबांनी मसुदा माझ्या हातात दिला होता. "नजरेखालून घाल," ते म्हणाले, "गेटवर अडखळलास तर लोकं म्हणत्याल, काहीतरी लपवायलेत." मी टेबलाशी बसून हलक्या आवाजात वाचत गेलो. पगारवाढ चांगली होती. दिवाळीचं चांगलं होतं. बसचं, कँटीनचं, सगळं ठीक. सतराव्या कलमावर माझा आवाज न अडखळता पुढे गेला आणि डोळे मात्र मागे राहिले. "वय वर्षे पंचेचाळीस पूर्ण केलेल्या प्रत्येक कामगाराची व्यवस्थापनाने नियुक्त केलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून प्रतिवर्षी तपासणी करण्यात येईल. तपासणीअंती जो कामगार नेमून दिलेल्या कामास अपात्र आढळेल, त्याची सेवा समाप्त करण्यात येईल व त्याबाबत संघटना कोणताही विवाद उपस्थित करणार नाही." मी म्हणालो, "तात्या, हे सतरावं..." ते चहा ओतत होते. "फुकट मेडिकल हाय ते. बाहेर करायला गेला तर खिसा रिकामा व्हतो." मी म्हणालो, "पण अपात्र म्हणलंय." तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सोमनाथ, कंपनीला कागदावर काही तरी लागतं, वरच्या सायबाला दाखवाया. ते वापरणार कोण? मी हाय ना इथं." तो हात जड आणि उबदार होता. कंपनीला एकेचाळीस दिवस टाळं होतं तेव्हा हाच माणूस आमच्याबरोबर गेटसमोर उन्हात बसला होता, आणि त्याच्या पैठणच्या शेतातली ज्वारी आमच्या घराघरांत येत होती. मला पर्मनंट त्यानंच केलं. मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कमिटी सदस्य म्हणून सही केली. माझी सही सुरेख आहे, सगळे म्हणतात.

शिफ्ट सुरू झाली आणि मशीनच्या आवाजात मला जरा बरं वाटलं. त्या आवाजात माणसाला एकटं राहता येतं. पाइप आत सरकवायचा, पेडल दाबायचं, पाइप वाकतो, काढायचा, दुसरा. हात आपापलं करतात. मोनिकाचा प्रश्न मात्र मशीनपेक्षा मोठ्यानं येत होता. मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, वाचताना मला काय होतं? माझे डोळे ओळीभर पुढे असतात आणि आवाज मागून येतो. कुठं श्वास घ्यायचा, कुठं शब्द जरा लांबवायचा, शेवटच्या रांगेतल्या माणसाला पोचलं की नाही, माझं सगळं लक्ष त्यात असतं. शब्द डोळ्यांतून शिरतात आणि तोंडातून बाहेर पडतात, मधे कुठं बसत नाहीत. आणि लोक शांत उभे राहून ऐकतात, माना हलवतात, तेव्हा मला फार बरं वाटतं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. चार वर्षांतून एक दिवस मी मोठा माणूस असतो.

शेजारी कडुबा वाकून काम करत होता. पलीकडून सुपरवायझर आला आणि त्यानं हाक मारली. कडुबाला अर्थात ऐकू गेली नाही. मी पान्यानं माझ्या मशीनच्या पत्र्यावर दोनदा ठोकलं; तो धक्का पायाखालून जातो, कडुबानं लगेच मान वर केली. हे आमचं ठरलेलं आहे. दुसऱ्या बाजूचा वेल्डर आहे, तो हातवारे करतो. कँटीनवाला कडुबाला विचारत नाही, थेट वाढतो. सगळ्या शॉपनं मिळून गेली सात-आठ वर्षं कडुबाचा कान ऑफिसपासून लपवलेला आहे. तरुणपणी इअरप्लग कुणी देत नव्हतं, आणि दिले तेव्हा वाचवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. त्याचा मुलगा नाशकात शिकतो, मुलगी लग्नाची आहे, नोकरीची सहा वर्षं बाकी. कडुबा बावन्न वर्षांचा आहे. मी एकोणपन्नास. सतरावं कलम सगळ्यात आधी कुणाला लागेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. मला काल टेबलाशी बसल्या बसल्याच कळलं होतं. तरी मी सही केली. कळूनही सही केली आणि सकाळी मोनिकाला म्हणालो, कळतं की.

आणि मग हनुमान आठवला. सकाळपासून मी ती आठवण अडवून धरली होती. चार वर्षांपूर्वीच्या करारातलं अकरावं कलम मीच वाचलं, "व्यवस्थापनास आवश्यकतेनुसार कोणत्याही कामगाराचे कार्यस्थळ बदलण्याचा अधिकार राहील." तात्यासाहेबांनी अर्थ सांगितला, "म्हणजे बेंडिंगचा माणूस वेल्डिंगला, वेल्डिंगचा पेंट शॉपला. चांगलंच हाय, चार कामं शिकाल." लोक हसले, हात वर झाले. दीड वर्षांनी अकरा जणांना पार दक्षिणेतल्या होसूरच्या प्लांटची पत्रं आली. हनुमान त्यातला एक. दोन महिने तिकडं राहिला, भाषा नाही, जेवण नाही, घरी म्हातारी आई एकटी. राजीनामा देऊन परत आला. आता फर्दापूरला पर्यटकांच्या गाड्यांवर ड्रायव्हर आहे. गेल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना लेणी दाखवायला मी तिकडं गेलो, तेव्हा त्याच्या घरी चहाला थांबलो. त्याची आई, दगडाबाई, माझ्याजवळ येऊन बसली, माझा चेहरा नीट बघितला आणि म्हणाली, "तूच का रं तो वाचणारा? तुझा आवाज लई गोड हाय म्हणं. हनुमान लई सांगायचा." तिच्या मनात काही नव्हतं. हनुमान दारात उभा होता, तो बाहेर निघून गेला. मी चहा पिऊन टाकला, तोंड भाजलं.

माझा आवाज कुठून आला हेही सांगायला पाहिजे. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखायचे, त्यांना सही येत नव्हती. पैठणजवळच्या आमच्या गावात श्रावणात देवळात पोथी लागायची. बारावी झालो त्या वर्षापासून मी वाचायचो, आणि अर्थ सांगायचे अप्पा. अक्षर न येणारा माणूस अर्थ सांगतो याचं आमच्याकडे कुणाला नवल नव्हतं; वाचणं वेगळं आणि सांगणं वेगळं. मेंढरांमागं फिरताना दहा गावांच्या पोथ्या ऐकून त्यांना सगळं तोंडपाठ झालं होतं. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे वाचणाऱ्यानं मधे बोलू नये. "तुपलं तोंड तेवढा टाइम पोथीचं असतं," ते म्हणायचे. आणि दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली नाही, मी बघितली. ते अर्थ सांगताना समोर बसलेल्या कुणाचं तरी नाव घ्यायचे. पोथीत एक सावकार यायचा, घरात धान्य भरलेलं आणि दारातल्या याचकाला म्हणायचा, पुढं जा. अप्पांनी तळहातावर तंबाखू चोळावी तशा संथपणे सांगितलं, "म्हणजे असं धरा, आपले नानासाहेब. कणगी भरलेली, अन् मनकर्णाबाई शेरभर जवारी मागाया गेली तर म्हणले, दळण नाय बाई." सगळं देऊळ हसलं. नानासाहेबही हसले. त्या वर्षी ते पुन्हा पोथीला आले नाहीत, पुढच्या वर्षीही नाही. मी अप्पांना विचारलं होतं, नाव कामून घेता? ते म्हणाले, "नाव घेतल्याबिगर अर्थ पोचत नाय बाबा. हवंत जातो."

जेवणाच्या सुट्टीत तात्यासाहेब कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी आले. इतर टेबलांवरचं बोलणं जरा खाली आलं, ते त्यांनाही समजलं. पूर्वी ते आले की लोक सरकून जागा करायचे. आज एक जण उठून गेला, ताट अर्धं ठेवून. तात्यासाहेब खुर्चीत बसले आणि मला पहिल्यांदाच ते म्हातारे वाटले. त्यांच्या शर्टाच्या कॉलरवर पावडरचा पांढरा पट्टा होता. "गळा बरा हाय ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "जरा दमानं वाच आज. सतरावर थांबू नको लई, मी लगेच धरतो." मी म्हणालो, "तात्या, कडुबाचं काय?" त्यांना कडुबाचं माहीत आहे, ऑफिस सोडून सगळ्यांना आहे. "त्याच्या केसालाबी धक्का लागू देणार नाय," ते हळू म्हणाले. "तपासणीच्या आदल्या दिवशी त्याला सुट्टीवर टाकू. डॉक्टरला भेटू. हे मी करीन, पण गपचूप करीन. वरडून केलं की बिघडतं." त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. हनुमानच्या वेळीही त्यांनी धडपड केली होती, मुंबईला दोनदा जाऊन आले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त वाटायचं की कागदापेक्षा आपण मोठे आहोत, आणि वीस वर्षं आम्हीच तसं वाटू दिलं होतं.

साडेतीनला पहिली शिफ्ट बाहेर आली, दुसरी आत जायची थांबली आणि गेटसमोरची जागा भरून गेली. ऊन तिरपं होतं. सिक्युरिटीच्या केबिनशेजारी लिंबाखाली नेहमीप्रमाणे पर्सनल डिपार्टमेंटचे साहेब उभे होते, हातात मोबाइल, सभेचा व्हिडिओ ते दर वेळी घेतात, त्याला कुणी हरकत घेत नाही. मी स्टुलावर चढलो. कडुबा पुढच्या रांगेत, अगदी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला माझं तोंड दिसलं की अर्धंमुर्धं समजतं. पण या वेळी माइक नवा आणलेला होता, जाड काळा, आणि तो तोंडापुढे धरला की माझं अर्धं तोंड झाकलं जात होतं. मागून दोन-तीन जण ओरडले, "झेरॉक्स कुठाय?" तात्यासाहेबांनी हात वर केला. "ऐका तर आधी! ऐकून नाय पटलं तर बोला." मी वाचायला लागलो. माझा आवाज लागला, चांगलाच लागला. एकेक कलम जात होतं, तात्यासाहेब सांगत होते, लोक कुरकुरत का होईना ऐकत होते. पगारवाढीला कुणीतरी टाळीही वाजवली. बारा, तेरा, चौदा.

सतरावं वाचून मी थांबलो. तात्यासाहेबांनी लगेच धरलं. "म्हणजे पंचेचाळीसच्या वरच्या माणसाला दरसाल फुकट मेडिकल. बीपी, शुगर, समदं कंपनीच्या खर्चानं. चांगली गोष्ट हाय." आता मी 'कलम अठरा' म्हणायचं होतं. शब्द समोर छापलेले होते, डोळे त्यांच्यावर गेलेही होते. मोनिका मागे तिच्या बायकांच्या घोळक्यात स्कार्फ बांधत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. मी माइकमध्ये म्हणालो, "नाय."

एवढंच आधी आलं. तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना वाटलं माझा श्वास अडकला. मग मी कागद खाली केला. "अपात्र म्हणजे काय, ते मी सांगतो," मी म्हणालो, आणि पुढचा आवाज माझा नव्हता, अप्पांचा होता, तोच ठेका, तोच संथपणा. "असं धरा, आपला कडुबा. बेंडिंगचा. सव्वीस वर्षं ह्या मशीनवर उभा हाय. मशीननं त्याचा डावा कान खाल्ला, उजवा खायला लागलंय. सुपरवायझरची हाक येत नाय त्याला, आपण पत्रा ठोकून सांगतो. आजपर्यंत आपण सांभाळून घेतलं. आता कंपनीचा डॉक्टर कानात बघणार अन् लिहिणार, हा कामाला अपात्र. कडुबा घरी. अन् युनियननं तोंड उघडायचं नाय, तशी सही आपणच करून दिलेली. हे सतरावं कलम. मी काल वाचलं, मला कळलं, अन् मी सही केली. मागच्या टायमाला अकरावं मीच वाचलं व्हतं. हनुमान कुठाय आज?"

तीनशे चाळीस माणसं एकदम गप्प झाली की काय वाटतं ते मी आजवर ओळखत होतो, ते ऐकण्याचं गप्प असतं. हे वेगळं होतं. अर्थ पोचला होता. प्रत्येक जण मनात आपापला कान, डोळा, कंबर चाचपून बघत होता, आणि मला बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटत होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा मी वाचलेलं माझ्या आत बसलं होतं. तात्यासाहेबांनी काहीतरी सांगायला सुरुवात केली, कुणी ऐकलं नाही. त्यांनी विचारलं, "मंजूर असंल तर हात वर करा." सात की आठ हात आले, त्यातले दोन लगेच खाली गेले. मग आरडाओरडा सुरू झाला. करार परत पाठवा, झेरॉक्स द्या, सतरा काढा. कुणी माझा पाय धरून हलवत होतं, "सोमनाथभाऊ, बास, मानलं तुम्हाला!" म्हणत होतं.

तेव्हा माझं लक्ष कडुबाकडे गेलं. सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. शेजारच्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, दुसऱ्यानं दंड धरला, मागून एक जण पुढे येऊन त्याच्या पाया पडल्यासारखं करून गेला. कडुबाला काहीच ऐकू गेलं नव्हतं. आपलं नाव निघालंय एवढं त्याला लोकांच्या नजरांवरून समजलं असावं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग चारी बाजूंना, आणि सत्काराला उभ्या केलेल्या माणसासारखे दोन्ही हात जोडले. तो हसत होता. लिंबाखाली पर्सनलचे साहेब मोबाइल खाली करून त्यात काहीतरी बघत होते. मग त्यांनी टाइम ऑफिसच्या माणसाला जवळ बोलावलं, बोटानं पुढची रांग दाखवली आणि दोघं आत गेले.

तात्यासाहेबांनी माझ्या हातातून मसुदा घेतला. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कागदांची नीट घडी घातली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "करार पाडलास, ठीक हाय. पाडायचाच व्हता तर कलम वाचून पाडायचा. त्याचं नाव कामून घेतलं रे? आजवर ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. आता त्यांच्या मोबाइलात हाय, तुझ्याच आवाजात." मी म्हणालो, "नाव घेतल्याबिगर..." त्यांनी मसुदा बगलेत धरला. "उद्या मेडिकलला बोलवत्याल त्याला," ते म्हणाले, "करार असो नसो. ऐकू न येणारा माणूस मशीनवर ठेवता येत नाय, असा कायदाच काढून दाखवत्याल. आता मी काय गपचूप करू?" ते गर्दीतून वाट काढत गेले आणि त्यांना कुणी वाट दिली नाही, त्यांना खांदा लावत जावं लागलं.

मी स्टुलावरून उतरलो तेव्हा लोक माझे हात दाबत होते. मोनिका गर्दीतून वाट काढत आली आणि म्हणाली, "काका, मी सकाळी सहजच विचारलं होतं." मी म्हणालो, माहीत आहे. ती आणखी काही बोलणार होती, पण बसचा हॉर्न वाजला. मला पाण्याची बाटली कुणीतरी दिली, ती मी उघडून तशीच हातात धरली. अप्पांनी नानासाहेबांचं नाव घेतलं, तेव्हा नानासाहेबांचं काय बिघडलं असेल हा विचार मी तीस वर्षांत एकदाही केला नव्हता. आपल्याला आवाज वारशानं मिळाला एवढंच मी समजत होतो.

बस सुरू होऊन थरथरत उभी होती. आत सगळे जोरात बोलत होते, लग्नाच्या वऱ्हाडासारखे. कडुबा खिडकीशी बसला होता, माझी जागा हातानं अडवून. मी बसल्याबरोबर तो माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा अजून उजळलेला होता. "काय म्हणला रे माझ्याबद्दल?" त्यानं विचारलं. "समदे पाठीवर हात ठेवायलेत. एक जण तर पाया पडला." मी त्याच्या उजव्या कानाजवळ तोंड नेलं आणि सांगितलं. इंजिनच्या आवाजात त्याला पोचलं नाही. "आँ?" मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. त्यानं कान आणखी जवळ आणला, डोळे बारीक केले. "कायच येईना. नीट सांग की." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याला दिसलं असावं, कारण त्याचं हसू हळूहळू उतरायला लागलं. त्यानं माझं मनगट धरलं. आता सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. मी छातीत श्वास भरून घेतला, गेटवर घेतो तसा, आणि म्हणालो, "कडुबा, तुला ऐकू येत नाय, असं मी समद्यांना सांगितलं! सायबासमोर सांगितलं!"

बसमधलं बोलणं थांबलं. ड्रायव्हरनं आरशातून मागे बघितलं. कडुबानं ऐकलं होतं. तो क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग घाबरून पुढच्या सीटांकडे, मग मागे. त्यानं माझं मनगट सोडलं आणि तळहात माझ्या तोंडावर ठेवला.

"हळू बोल ना," तो म्हणाला, "कुणी ऐकंल."